अडवून मोजलेली साखर

शेजारच्या काकूंच्या दंडाला मागच्या बाजूने एक छोटी चकती चिकटवलेली असते. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी त्या फोनवर साखर बघतात. ११२. "चला, आज पोह्यांत बटाटा चालेल," म्हणतात आणि कांदा चिरायला घेतात. बोट टोचणं नाही, पट्टीवर थेंब टेकवणं नाही.

त्या आकड्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. माझाही आहे. तरी तो येतो कसा, हे कळल्यापासून मी त्याच्याकडे जरा थांबून बघते.

चकतीतून एक बारीक तार कातडीखाली गेलेली असते. ती रक्तवाहिनीत नसते; पेशींच्या मधल्या पाण्यात असते. म्हणून तिचा आकडा रक्तातल्या साखरेच्या थोडा मागून चालतो, पाच-दहा मिनिटं. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर बसवलेलं असतं. साखरेचा एक रेणू आला की ते ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची घालतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार करतं. त्यापासून किंचित वीज मिळते. ती मोजायची. काही चकत्यांत ऑक्सिजनऐवजी दुसरा वाहक वापरतात, पण मूळ रीत ही.

गोम अशी की कातडीखाली साखर मुबलक असते आणि ऑक्सिजन तुटपुंजा. उघड्या तारेवर दोन्ही लोटले, तर ऑक्सिजन आधी संपेल. मग साखर कितीही वाढो, आकडा तिथेच अडकेल. आपल्याला वाटेल साखर मोजतोय. मोजली जात असेल ऑक्सिजनची टंचाई.

यावरचा उपाय मला फार आवडतो. ज्या साखरेला मोजायचं, तिचीच वाट अडवायची.

त्यासाठी तारेवर पॉलिमरचा पातळ पडदा चढवतात, बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा. साखरेला पुढे सरकायला पाणी लागतं. ऑक्सिजनला तसं नाही. पाणी न धरणाऱ्या, तेलकट स्वभावाच्या भागातूनही तो सहज पार होतो. म्हणून पॉलिमरच्या एकाच साखळीत दोन्ही स्वभावांचे तुकडे गुंफतात. पाणी धरणारे तुकडे वाढवले की साखर जास्त येते, कमी केले की अडते. इथे चाळणीसारखी भोकं दिसत नाहीत. साखळ्यांमधली मोकळीक, एवढीच काय ती वाट. पडदा बनवणारा माणूस हाताळतो पॉलिमर, पण आखत असतो ती मोकळीक.

पंढरपूरच्या दर्शनबारीत गर्दी एकदम आत सोडत नाहीत. आत सोडली तर ना दर्शन धड होईल, ना कोणी मोजू शकेल. तसंच हे. साखर थोडी-थोडी आत येते आणि आलेल्या प्रत्येक रेणूची दखल घ्यायला विकर मोकळं असतं. बाहेर साखर दुप्पट झाली की आत येणारीही दुप्पट होते. विकर मुद्दाम गरजेपेक्षा जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे दिवसागणिक ते थोडं निकामी झालं तरी आकडा लगेच ढळत नाही. खरं तर आकडा पडदाच ठरवतो. नाव मात्र विकराचं होतं.

विकराच्या खाली, तारेला अगदी चिकटून, आणखी एक थर असतो. तो पेरॉक्साइडसारख्या लहान रेणूला येऊ देतो आणि पॅरासिटामॉलला, क जीवनसत्त्वाला शक्यतो बाहेर ठेवतो. त्या दोघांपासूनही तारेला वीज मिळते आणि ती साखरेच्या खात्यात जमा होते. तापाची गोळी घेतली आणि साखर वाढलेली दिसली, असं काही चकत्यांत होतं, ते यामुळे.

ही पडद्याची युक्ती लेलँड क्लार्क यांची. अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अँटिऑक कॉलेजात ते रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र तयार करत होते. यंत्र चालत होतं; रक्तात ऑक्सिजन नेमका किती आहे, ते मात्र सांगता येईना. प्लॅटिनमची उघडी तार रक्तात बुडवली की तिच्यावर प्रथिनांची पुटं चढत. क्लार्क यांनी आधी सेलोफेन लावून पाहिलं आणि १९५४मध्ये पॉलिथिनचा पापुद्रा ताणून तार रक्तापासून वेगळी केली. ऑक्सिजन तेवढा पलीकडे गेला, रक्त अलीकडे राहिलं. ज्याला स्पर्श करायचा त्याच्यापासूनच आधी तार दूर केली, आणि मोजमाप जमलं. १९६२मध्ये त्यांनी आणि चँप लायन्स यांनी पडद्यांच्या मध्ये विकर ठेवण्याची कल्पना मांडली. आजच्या चकत्यांची घराणी तिथून सुरू होतात.

एका रात्री काकूंचा फोन साखर घसरल्याचा इशारा देत वाजत सुटला. बोट टोचून पाहिलं तर सगळं ठीक. त्या चकतीच्याच कुशीवर झोपल्या होत्या. दंड दाबला गेला की तिथला प्रवाह मंदावतो आणि तारेपाशी साखर कमी पोचते. तारेने खोटं सांगितलं नव्हतं. ती बिचारी होती तिथलंच सांगत होती.

अर्थात, पडदे काही आपणच घालतो असं नाही. शरीरही घालतं. परकी वस्तू आत आली की ते तिच्याभोवती व्रणाचं घट्ट वेष्टण विणायला लागतं. त्यातून ना साखर नीट येते, ना ऑक्सिजन. चकत्या दहा-पंधरा दिवसांत बदलाव्या लागतात, त्यात याचाही वाटा असतो. वस्तू गुळगुळीत, बंद असली तर हे वेष्टण हमखास. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बडी रॅटनर यांच्या गटाने वस्तूत छिद्रं ठेवून त्यांचा आकार बदलून पाहिला. ३० ते ४० मायक्रोमीटरची, एकमेकांना जोडलेली छिद्रं असली की वेष्टण पातळ राहतं आणि रक्तवाहिन्या आत वाढतात, असं त्यांना आढळलं. परक्याला विरोध करायला आलेल्या पेशी त्या छिद्रांत शिरतात आणि त्यांचं वागणं बदलतं.

ही छिद्रं करण्याची रीत सुंदर आहे. आधी सारख्या आकाराचे बारीक गोल मणी रचतात. ते एकमेकांना जरासे चिकटू देतात. मधल्या फटींत पॉलिमर ओततात, तो घट्ट झाला की मणी विरघळवून काढून टाकतात. मण्यांच्या जागी खोल्या उरतात. आणि मणी जिथे एकमेकांना टेकले होते, तिथे एका खोलीतून दुसरीत जायची दारं.

ज्यांना अशी तार महिनोन्महिने शरीरात टिकवायची आहे, त्यांना साखर अडवणारा पडदा आणि हा छिद्रांचा थर एकावर एक बसवायचे आहेत. आतला चिंगूस, बाहेरचा अघळपघळ. बाहेरच्याने पेशींना घरात घ्यायचं. आतल्याने मात्र साखर रोज सारख्याच हाताने सोडायची. मग ती पहिल्या दिवशीची असो की शंभराव्या.