वाट सांगावी का?



चांगली गोष्ट मिळाली की ती चारचौघांत वाटावी, हे आपल्या घराघरांत शिकवले जाते. फणस पिकला की गरे शेजारी जातात. पण आपल्या युवकांनी गेल्या महिन्यात आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, त्याने ही साधी शिकवणच कोड्यात टाकली आहे. कामणदुर्गाची वाट नकाशासह या पत्रिकेत छापावी, असे काहींचे म्हणणे. मुळीच छापू नये, असे बाकीच्यांचे.

कामणदुर्ग आपल्याच वसई तालुक्यात आहे. वसई-दिवा मार्गावरच्या कामण रोड स्थानकावर उतरून पायथ्याकडे जाता येते. उंची दोन हजार फुटांच्या आसपास. माथ्यावर पाण्याची टाकी सोडली तर किल्ला म्हणावे असे फारसे उरलेले नाही. आपल्यापैकी बहुतेक जण वसईच्या किल्ल्यात कितीदा तरी गेले असतील, तुंगारेश्वरच्या ओढ्यात भिजले असतील. या डोंगराचे नाव मात्र अनेकांना सांगता येणार नाही. वाट जंगलातली आहे. ढोरवाटा आणि लाकूडफाट्याच्या वाटा तिला इतक्या ठिकाणी फुटतात की माहीतगार बरोबर नसला तर चकवा ठरलेलाच. म्हणून तिथे गर्दी नाही.

छापू नये म्हणणारे हरिहरचे उदाहरण देतात. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गडाच्या कड्यात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांची छायाचित्रे मोबाईलवरून पसरली, आणि पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे चढणाऱ्यांची व उतरणाऱ्यांची कोंडी होऊ लागली. हे नाकारता येत नाही.

संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पंधराव्या भागात रोम्युलस आणि रेमस या भावांविषयी लिहिले आहे. राज्य वाटून घ्यायचे तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो, म्हणून भावाने भावाला मारले. चांगुलपणाचे तसे नाही. त्यात सोबती आला म्हणून तो घटत नाही, उलट वाढतो. मग डोंगराची वाट यांपैकी कशात मोडते? माथ्यावरून दिसणारा मुलूख दहा जणांनी पाहिला म्हणून अकराव्याला कमी दिसत नाही. टाक्यातले पाणी मात्र कमी होते. आणि शांतता? दोनशे जणांनी एकाच वेळी वाटून घेतलेली शांतता आम्ही तरी कुठे पाहिलेली नाही.

तरीही 'सांगू नका' म्हणणाऱ्यांना आम्ही एक विचारले. तुम्हांला जंगलाची काळजी आहे, की आपल्या रविवारची? आपण जाऊन आलो, आता दार लावा, ही वृत्ती सातबाऱ्यावर नाव नसतानाची मालकीच आहे. यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही.

पण आम्हांला खरी अडचण वाटते ती 'अपरिचित वाट' या शब्दांत. अपरिचित कुणाला? पायथ्याच्या पाड्यांवरच्या बाया त्या वाटांनी मोळ्या घेऊन उतरतात, पोरे गुरे घेऊन चढतात. वाट त्यांच्या पायांनी पडली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातले चराईचे, गौण वनोपजाचे त्यांचे हक्क मान्य केले. पाहुण्याने जाता-येता ती वाट वापरली तर बिघडत नाही. पण ती जगाला देऊन टाकायची की नाही, हे आपण सभागृहात चहा पीत ठरवत होतो, आणि ज्यांची ती आहे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. त्यांच्यातही एकच मत असेल असे नाही. एखाद्याला वाटाड्याची चार पैशांची मजुरी हवी असेल, दुसऱ्याला बाटल्या फोडणारी टोळकी नको असतील.

एक युवक म्हणाला, "फादर, तुम्ही नाही छापलेत तरी वाट इंटरनेटवर आहेच." खरे आहे. पण नकाशा माणसाला पाड्याला वळसा घालून नेतो, वाटाड्या पाड्यातून नेतो. आम्हांला हा फरक मोठा वाटतो. गरेसुद्धा आपण रस्त्यावर ठेवून देत नाही, शेजारणीच्या हातात देतो.

तेव्हा नकाशा छापलेला नाही. पाऊस ओसरल्यावर आधी आम्ही दोघे-तिघे पाड्यावर जाऊन बोलणार आहोत. त्यांची ना नसेल, तर पंधरा जणांची एक तुकडी नेऊ. डोंगर चढणे हे धर्मगुरूचे काम आहे का, असे कुणी विचारील. पोप पायस अकरावे तरुणपणी आल्प्सची शिखरे चढलेले होते, आणि १९२३ साली त्यांनीच संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. ज्यांना यायचे असेल त्यांनी युवा गटाकडे नावे द्यावीत. डबा आणि तीन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःचे आणावे. वाटाड्याची मजुरी त्यालाच विचारून ठरवू, त्यात घासाघीस नको.