शांतता कोणाच्या वाट्याची?

बाजारहत्नूरच्या नावातच बाजार आहे. आदिलाबाद जिल्ह्यातला हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. जिल्ह्यातील मराठी घरे मात्र मराठीच राहिली. अशा घरातील शेतकरी तेलुगू कागद हाती घेऊन कचेरीत जातो तेव्हा त्याला उघडी जागाच हवी असते. चार जण बसलेले दिसले म्हणजे एकाला विचारता येते, दुसऱ्याकडून वाचून घेता येते. बंद दारापुढे तो वहाणा काढून घटकाभर उभा राहतो आणि तसाच परततो.

आता दुसरी बाजू. एका कचेरीत (कोणत्या, ते सांगत नाही) एक कारकून जमिनीचे आकडे उतरवीत होता आणि तीन जण एकाच वेळी त्याच्याशी बोलत होते. १२ गुंठ्यांचे २१ गुंठे झाले. ती चूक दुरुस्त करून घेण्यासाठी कोणी किती खेटे घातले, हे आम्ही पाहिले आहे. दोष कारकुनाचा म्हणावा की जागेचा?

मोकळ्या दालनात माणसे अधिक बोलतात, ही समजूतही सर्वस्वी खरी नव्हे. हार्वर्डचे बर्नस्टीन व टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत भिंती काढण्यापूर्वी व काढल्यानंतर पाहणी केली. २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की समक्ष बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि संगणकावरील पत्रव्यवहार वाढला. चहूकडून दिसणारा माणूस अंग चोरून बसतो.

आमच्या मते खरा अन्याय निराळाच आहे. ज्याचे काम लोकांना भेटण्याचे, त्या साहेबाला दाराची खोली. ज्याचे काम आकड्यांचे, तो गर्दीत. शांतता ही कामाची गरज न राहता मानाची वस्तू झाली आहे. देवळात सभामंडप ऐसपैस आणि गाभारा लहान असतो, तो काही पुजाऱ्याचा मान राखण्यासाठी नव्हे. जपाला बसलेला मनुष्य कीर्तन बंद करा म्हणत नाही. तो आडबाजूची ओवरी शोधतो. आणि ती ओवरी कोणाच्याच नावची नसते.

कोणी म्हणेल, बंद खोलीत व्यवहारही बंद होतात. शंका रास्त आहे. म्हणून खोलीला काचेचे दार असावे, आणि ज्याच्यापुढे हिशेबाची वही असेल त्याने तेवढ्या वेळापुरते आत बसावे. साहेबाने बाहेर बसावे.

हे आम्ही एका साहेबांना सुचविले. ते हसले, आणि खोलीतली घंटी वाजवून त्यांनी चहा मागविला.