दैव, पुरुषकार आणि तापलेले टायर

वैशाखाच्या उन्हात समृद्धी महामार्गावर टायर फुटून मोटार उलटली की 'वेळच आली होती' असे म्हटले जाते. परंतु या उद्गारातले दैव म्हणजे नेमके काय, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाने फार पूर्वीच हाताळला आहे. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव ही निराळी शक्ती नसून पूर्वीच्या पुरुषकाराचे, म्हणजे मानवी प्रयत्नाचेच, फळ होय. टायरच्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरते. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते आणि पुन्हा ताठते, त्या वाकण्याने रबरात उष्णता साठते, तापलेला रस्ता तीत भर घालतो, आणि अखेर रबर आतल्या तारांच्या व धाग्यांच्या थरांपासून सुटू लागते. म्हणजे जे दुपारी आकस्मिक भासते, त्याची सुरुवात सकाळी टायर गार असताना हवा न तपासण्यातच झालेली असते. गीतेचा अठरावा अध्याय कर्माच्या पाच कारणांत दैवाला पाचवे स्थान देतो, हे खरे, आणि रस्त्यावर पडलेला खिळा कोणाच्याच हाती नसतो. तथापि आधीची चार कारणे त्यामुळे रद्द होत नाहीत. खंडेनवमीला वाहनाची पूजा होते, तेव्हा टायरला हळदकुंकू लावणाऱ्या त्याच बोटांना, ती क्षणभर थांबली तर, बाजूवरची बारीक भेग किंवा फुगवटाही जाणवतो.