यंत्र काठावर, अधिकार केंद्रात

एज कंप्युटिंगची चर्चा बहुधा मिलिसेकंदांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. शब्दाचा अर्थ तसा साधा आहे. माहिती दूरच्या डेटा सेंटरकडे पाठवून उत्तराची वाट पाहत बसायचे नाही. ती जिथे तयार झाली तिथेच, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रात, मोबाइलच्या टॉवरपाशी, दवाखान्यातल्या उपकरणात किंवा हातातल्या फोनमध्ये, तिच्यावर प्रक्रिया करायची. दळणाची पोती शहरात न नेता गावच्या गिरणीत दळून घ्यावीत आणि बाहेर पाठवायचेच तर पीठ पाठवावे, तसा हा व्यवहार. 1998 मध्ये स्थापन झालेल्या अकामाय कंपनीने संकेतस्थळांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा या विचाराचे बीज पडले. 2009 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे महादेव सत्यनारायणन यांनी सहकाऱ्यांसह ‘क्लाउडलेट’ची, म्हणजे वापरणाऱ्याजवळच्या छोट्या क्लाउडची, कल्पना मांडली आणि 2012 मध्ये सिस्कोच्या संशोधकांनी ‘फॉग कंप्युटिंग’ हा शब्द रूढ केला. पुढे चालकरहित मोटारी, 5जी आणि स्वयंचलित कारखाने यांच्यासोबत हा विषय उद्योगजगतात शिरला. त्यामुळे त्याचा प्रसार मोजायची पट्टीही तिथलीच राहिली: उत्तर किती लवकर आले? ही पट्टी नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या तालुक्याला लावली की तिचे अपुरेपण उघडे पडते. उत्तर यायला किती वेळ लागला, यापेक्षा उत्तर आलेच नाही तर काय करायचे, हा तिथला प्रश्न आहे.

किनवटपासून मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे केवळ अंतराचा हिशेब केला तर मुंबईला जाऊन परत यायला सुमारे सहा मिलिसेकंद पुरतात. हैदराबाद तर याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. शिधापत्रिकेवरचे धान्य घ्यायला एवढा उशीर झाला तर कोणाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते तार तुटल्यावर, टॉवरची वीज गेल्यावर, पावसाळ्यात दोन दिवस रेंज नसल्यावर. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा जंगल-डोंगरांचा, गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा वस्तीचा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणाऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेडला जोडला गेला. राजधानी बदलली, पण राजधानीपासूनचे लांबपण तसेच राहिले. नांदेडचे जिल्हा कार्यालयही सव्वाशेहून अधिक किलोमीटरवर. अशा ठिकाणी कागदाचा निकाल वरून यायला दिवस लागत; आता यंत्राचा निकाल वरून येतो, आणि संपर्क नसेल तर येतच नाही.

रेशन दुकानातला ई-पॉस, म्हणजे अंगठा तपासून पावती देणारे यंत्र, हा याचा सगळ्यांत ओळखीचा नमुना आहे. यंत्र गावात आहे, धान्य गावात आहे, दुकानदार आणि कार्डधारक एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. तरी अंगठ्याचा ठसा जुळवण्यासाठी तो आधारच्या मध्यवर्ती भांडाराकडे जातो, ज्याची डेटा सेंटर बंगळूरु आणि मानेसर येथे आहेत. तिथून होकार आला तरच पावती निघते. याउलट 2013 मध्ये अ‍ॅपलने अंगठ्याने उघडणारा आयफोन आणला तेव्हापासून मालकाचा ठसा फोनच्या आतच जुळवला जातो, बाहेर पाठवावाच लागत नाही. म्हणजे अंगठा जागच्या जागी ओळखण्याचे तंत्र दहा वर्षांपेक्षा जुने आहे. दोन्ही कामांत फरक आहे, हे मान्य. फोनला एकच मालक ओळखायचा असतो, आधारला कोट्यवधी लोक. पण एका रेशन दुकानाला तरी कोट्यवधी लोक कुठे ओळखायचे असतात? त्याच्याकडे काही शे कार्डे असतात. त्या काही शे कुटुंबांची यादी दुकानातल्या यंत्राला पेलणार नाही, असे आजच्या काळात कोणी म्हणू शकणार नाही. अडचण यंत्राच्या ताकदीची असती तर ती केव्हाच सुटली असती. ‘हो, हे धान्य द्या’ असे म्हणण्याचा अधिकार दुकानापाशी ठेवायचा नाही, असे ठरलेले आहे. आपल्याकडे यंत्रे काठावर पोचली. अधिकार केंद्रातच राहिला. एज कंप्युटिंगच्या भारतातल्या प्रसाराचा खरा अडसर हा आहे, असे माझे म्हणणे आहे.

जिथे हा अधिकार खाली सोडला गेला, तिथे तंत्र सहज रुजले. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीच्या ‘सी अँड स्प्रे’ या फवारणीयंत्रावरचे कॅमेरे पीक आणि तण वेगळे ओळखतात आणि कोणत्या नळीतून औषध सोडायचे हे यंत्रातच ठरते. चालत्या यंत्राला क्लाउडची वाट पाहून भागत नाही. एवढे महाग यंत्र आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाचे नाही, पण त्यामागचे तत्त्व आहे आणि त्याचा स्वस्त अवतार महाराष्ट्रातच घडला आहे. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याची कपाशी पोखरली. या अळीसाठी कृषितज्ज्ञांचा निकष ठरलेला आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करावा. पण पतंग मोजणार कोण आणि ओळखणार कोण? मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने सापळ्यातल्या किडीचा फोटो पाहून मोजणी करणारे आणि सल्ला देणारे अ‍ॅप बनवले आणि त्यातले प्रारूप इतके आटोपशीर केले की साध्या फोनवर, इंटरनेटशिवायही ते चालावे. किनवटच्या कापूस उत्पादकाला लागणारे एज कंप्युटिंग हे असे आहे. त्यात मिलिसेकंद वाचवण्याचा सोस नाही. शेतात रेंज नाही हे गृहीत धरूनच ते बांधलेले आहे, आणि फवारायचे की नाही हा शेवटचा निर्णय शेतकऱ्याचाच राहतो.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप गैरव्यवहाराचा आहे. संपर्काविना व्यवहार होऊ दिले तर एकाच कार्डावर दोनदा धान्य उचलले जाईल, खोट्या नोंदी होतील. मध्यवर्ती तपासणी आणली ती हे थांबवायलाच. रेशनच्या काळ्या बाजाराचा जुना इतिहास पाहता हा आक्षेप उडवून लावता येत नाही. परंतु देशातले सर्वांत संशयाने पाहिले जाणारे काम आपण कसे करतो ते पाहावे. मतदान यंत्राला इंटरनेट नसते. मते त्या यंत्रातच नोंदवली जातात आणि मतमोजणीच्या दिवसापर्यंत त्यातच राहतात. एका माणसाने दोनदा मत देऊ नये यासाठी बंगळूरुला विचारणा होत नाही. केंद्रावर छापील यादी असते, बोटाला शाई लागते, आणि पक्षांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. 1982 मध्ये केरळमधील परवूर मतदारसंघात या यंत्राचा पहिला वापर झाला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात, पण ते जाळ्याला जोडा अशी मागणी कोणी शहाणा माणूस करत नाही. उलट ते जोडलेले नाही, हीच त्याची जमेची बाजू सांगितली जाते. म्हणजे काठावरच्या यंत्राला विश्वासार्हता येते ती शेजारी बसलेल्या साक्षीदारांमुळे. रेशन दुकानासाठी असे साक्षीदार 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यातच आहेत. त्यांना दक्षता समिती म्हणतात. आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत ग्रामसभाही आहे. त्या कागदावर राहिल्या, कारण यंत्र आल्यावर त्यांची गरजच उरली नाही असे समजले गेले.

आणि केंद्राशी सतत जोडलेले राहून गैरव्यवहार थांबतो का? रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोन फोटो काढून घेण्याची पद्धत 2021 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2023 पासून जवळजवळ सर्व कामांना सक्तीची झाली. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचे काढलेले फोटो असे प्रकार सर्रास चालू आहेत. दिल्लीतल्या सर्व्हरला फोटो मिळाला, एवढेच कळते. त्यातला माणूस खरोखर माती उचलत होता का, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच कळते. जोखीम मर्यादित ठेवण्याचे उपायही नवे नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2022 मध्ये इंटरनेटविना पैसे देण्याची चौकट आखली तेव्हा एका व्यवहाराला 200 आणि एकूण 2000 रुपयांची मर्यादा घातली. चूक झालीच तर ती तेवढ्यापुरती. पस्तीस किलो धान्याचा व्यवहार याच न्यायाने बसवता येईल: नेहमीच्या दुकानात नेहमीचे कार्ड असेल तर यंत्राने तिथेच होकार द्यावा आणि रेंज आल्यावर हिशेब वर पाठवावा, परगावचे कार्ड असेल तेव्हाच मध्यवर्ती विचारणा करावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची सोय त्यात बुडत नाही.

दुसरा आक्षेप असा की नेटवर्क येतेच आहे, मग ही दुहेरी व्यवस्था कशाला? 2022 च्या जुलैमध्ये केंद्राने 4जीपासून वंचित 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. 2011 पासून ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याचे काम चालू आहे. हे काम व्हायलाच हवे. पण रस्ता झाला म्हणून कोणी घरातली कणगी मोडत नाही. शिवाय जाळे जितके दाट, तितका एका ठिकाणचा बिघाड सर्वत्र पोचतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे 85 लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. तिथे रेंजची कमतरता नव्हती. या घटनेचा आणखी एक धडा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला मर्यादा घालतो. बंद पडलेले ते संगणक जागोजागीच होते. यंत्र जवळ असले म्हणजे ते आपले असते असे नाही. त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे लागते.

याच मर्यादेतून उरलेल्या दोन हरकती निघतात आणि त्या मला मान्य आहेत. एक देखभालीची. डेटा सेंटरमध्ये थंड हवा, अखंड वीज आणि तंत्रज्ञ असतात. मे महिन्यातल्या मराठवाड्यात पत्र्याखाली ठेवलेल्या यंत्राला यातले काहीच मिळत नाही, आणि ते बिघडले की दुरुस्ती करणारा तालुक्यात नसतो. हजारो यंत्रे काठावर मांडायची तर ती उघडून दुरुस्त करणारे हात काठावर तयार करावे लागतील. आयटीआयच्या अभ्यासक्रमात त्याला जागा द्यावी लागेल. हा खर्च टाळला तर सगळी व्यवस्था भंगारात जाईल. दुसरी हरकत पाळतीची. चेहरा ओळखणारे यंत्र अंगणवाडीत ठेवले तर ते इंटरनेटशिवायही एखाद्या गरोदर बाईला नाकारू शकते. जवळचा नकार दूरच्या नकारापेक्षा सौम्य असेलच असे नाही. म्हणून यंत्राला होकाराचा अधिकार द्यावा, नकाराचा देऊ नये; नकार द्यायचा तर तो माणसाने, नाव-सहीनिशी द्यावा, म्हणजे त्यावर दाद मागता येते.

कंपन्यांचे अहवाल एज कंप्युटिंगची वाढ बाजाराच्या आकड्यांत मोजतील आणि त्यात मुंबई, पुणे, हैदराबाद ठळक दिसतील. सरकारी खरेदी मात्र वेगळी कसोटी लावू शकते. रेशन, हजेरी, पोषण आहार, दवाखाना यांपैकी कशासाठीही यंत्र घ्यायचे तर निविदेत एकच जादा कलम असावे: संपर्क तुटल्यावर हे यंत्र समोरच्या माणसाला काय सांगते? ‘थोड्या वेळाने या’ असे उत्तर असेल तर ते यंत्र किनवटला पाठवण्यात अर्थ नाही. तिथे ‘थोडा वेळ’ म्हणजे बुडालेली मजुरी आणि आणखी एक हेलपाटा.