अमानत आणि देखरेख

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मोहल्ल्यांत ‘फिजिओ’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. कुणाच्या अम्मीचा गुडघा बदललेला असतो, कुणाच्या अब्बांना लकव्याचा झटका येऊन गेलेला असतो, मधुमेहामुळे कुणा खालाजानचा खांदा आखडलेला असतो. पूर्वी अशा वेळी हाडवैद्य किंवा मालिशवाला घरी यायचा. आता रिक्षाने दवाखान्यात जावे लागते किंवा पिशवीत मशीन घेऊन एखादी तरुण मुलगी दारात उभी राहते. डॉक्टर निवडताना आपण दहा जणांना विचारतो. त्याची डिग्री पाहतो, फी विचारतो, ‘हाताला शिफा आहे का’ याचीही चौकशी करतो. पण ऑपरेशननंतर महिना-दीड महिना ज्या माणसाच्या हाती आपला माणूस रोज सोपवायचा असतो, त्याच्याबद्दल काहीच विचारत नाही. ‘व्यायाम तर करून घ्यायचाय, त्यात काय!’ असे म्हणून मोकळे होतो.

आम्हाला हा अखलाकचा प्रश्न वाटतो. देह ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही अमानत काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली, तर त्या हातांकडून कशाची अपेक्षा करायची? आणि ती अपेक्षा बोलून दाखवणे हा उद्धटपणा ठरतो का?

आधी या उपचाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. शस्त्रक्रियेत रोगी गुंगीत असतो आणि दोन-तीन तासांत सर्जनचे काम संपते. भौतिकोपचारात रोगी जागा असतो, कष्ट त्याचे त्यालाच करायचे असतात आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. काल गुडघा जितका वाकला, तितकाच आज वाकेल असे नसते. म्हणून इथे रोग्याकडे पाहत राहणे हा उपचाराचाच भाग आहे. लकवा झालेल्या माणसाला चालवताना जाणकार उपचारक त्याच्या कमजोर बाजूला उभा राहतो आणि कमरेला आधार देतो. त्याला हाताला धरून ओढत नाही, कारण खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात आणि ओढल्याने सांधा जागेवरून सरकू शकतो. मधुमेहाने पावले बधिर झालेल्या माणसाला शेक द्यायचा असेल, तर आधी त्याला गरम-गार कळते का हे तपासावे लागते. ते राहून गेले तर कातडी भाजते आणि रोग्याला पत्ताही लागत नाही. छातीत पेसमेकर आहे का, हे विजेचे मशीन लावण्यापूर्वी विचारावेच लागते. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते. रक्ताची गाठ असू शकते. यातले काहीही दुर्मिळ ज्ञान नाही. नजर आणि सवड असली की पुरते.

सवड नसते, हीच खरी अडचण आहे. एका खोलीत चार खाटा, मध्ये हिरवे पडदे आणि सांभाळायला एकच उपचारक, हे दृश्य वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कमरेला मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या जातात, ‘वीस मिनिटांनी येते हं’ म्हणून बाई पलीकडे जातात. आम्ही यात सरसकट दोष काढणार नाही. मशीनवर पडलेल्या माणसाशेजारी कुणी वीस मिनिटे बसून राहावे, हा हट्ट झाला. पण जाताना ‘किती जाणवले तर ठीक, किती झाले तर हाक मारा’ हे सांगितलेले असावे, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणीतरी असावे, कमरेला ताण लावला असेल तर हातात घंटी दिलेली असावी. यापेक्षा कमी चालवून घेऊ नये. आणि पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या माणसाला दोन दांड्यांच्या मध्ये एकटा सोडून फोन घ्यायला जाणे, हे तर कोणत्याही गर्दीच्या सबबीखाली माफ होण्यासारखे नाही. तो पडला, मोडलेले हाड पुन्हा मोडले, तर त्या घराचा वर्षभराचा हिशेब कोलमडतो.

मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे. दर्ग्याला जाणाऱ्या कितीतरी भाविकांना आपण कशाजवळून जातो हे ठाऊकही नसते. अशा मोठ्या संस्थांत विद्यार्थीही रोग्यांवर काम करतात. त्यात गैर काही नाही. हात शिकणार तरी कुठे? मात्र शिकणाऱ्याच्या मागे शिकवणारा उभा असावा आणि ‘ही विद्यार्थिनी आहे’ हे रोग्याला माहीत असावे. खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉयच पाय वाकवून देत असतो आणि बिलावर नाव मात्र डिग्रीवाल्याचे असते, तिथे प्रकार वेगळा आहे. त्याला साध्या भाषेत अमानतीत खयानत म्हणतात.

आपल्या परंपरेत याचा विचार झालेला नाही असे कुणी समजू नये. वैद्यकीची जाण नसताना जो उपचार करील, तो नुकसानीचा जामिन राहील, अशा आशयाची हदीस आहे. मध्ययुगीन इस्लामी शहरांत बाजारावर नजर ठेवणारा मुहतसिब असे. त्याच्या कामकाजासाठी लिहिलेल्या ग्रंथांत वजनमापांच्या बरोबरीने तबीब, नेत्रवैद्य आणि हाडे बसवणारे यांचीही परीक्षा घ्यायला सांगितले आहे. म्हणजे ज्ञानी माणसावरही देखरेख असावी, यात त्याचा अपमान नाही, हे तेव्हाच्या लोकांना कळत होते. आज मुहतसिब नाही, कायदा आहे. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ साली केला, आणि केंद्राने २०२१ साली संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ‘आपली नोंदणी आहे ना?’ हा प्रश्न विचारायला आपण संकोचतो. मटण घेताना हलालची खातरजमा करताना मात्र हा संकोच कुठे जातो कोण जाणे!

आता स्पर्शाचा आणि पर्द्याचा प्रश्न. तो टाळून पुढे जाता येणार नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात डोक्यावर नेण्याचे व्यायाम वेळेत केले नाहीत, तर खांदा जखडतो. अशा वेळी उपचार करणारा पुरुष आहे म्हणून घरचे बाईला पाठवतच नाहीत आणि ती पुढे आयुष्यभर स्वतःच्या केसांत फणी घालू शकत नाही, अशा गोष्टी आपल्या समाजात घडतात. शरियतने जरुरतीला जागा दिलेली आहे. जरुरत असेल तेथे मनाई सैल होते, मात्र जरुरतीपुरतीच, हा फिकहचा जुना नियम आहे. त्यातल्या दोन्ही अर्ध्या भागांना आमच्या मते सारखेच वजन आहे. स्त्री उपचारक मिळत असेल तर ती मागावी. या व्यवसायात मुली मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा ही मागणी अशक्य नाही. ती मिळत नसेल, तर घरच्या बाईला शेजारी उभे करून उपचार घ्यावा. तो नाकारण्यात कसलेही पुण्य नाही. आणि ‘जरुरतीपुरते’ हा भाग दवाखान्यानेही पाळायचा आहे. पडदा पूर्ण ओढलेला असावा, खांद्याचे काम असेल तर खांदाच उघडा असावा, हात कुठे आणि कशासाठी लावणार हे आधी सांगावे आणि बाई ‘थांबा’ म्हणाली की हात थांबावा. हा शिष्टाचार साऱ्याच रुग्णांना हवा असतो. आपल्या बायका तो मागतात तेव्हा काही ठिकाणी नाके मुरडली जातात, एवढेच.

याहून अवघड गोष्ट आहे सबरची. आपल्या घरांतील बायका, विशेषतः म्हाताऱ्या, दुखणे सांगत नाहीत. उपचारक विचारते, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, नानी?’ नानी म्हणतात, ‘अल्लाहचा शुक्र आहे बेटी, ठीक आहे.’ यात अदब आहे, श्रद्धा आहे आणि उपचाराच्या दृष्टीने ही चुकीची माहिती आहे. ताण पडल्याची वेदना आणि काहीतरी फाटत असल्याची तीक्ष्ण कळ यांतला फरक फक्त रोगीच सांगू शकतो. तो गप्प राहिला तर उत्तम उपचारकही आंधळी होते. सबरचा नमुना म्हणून आपण हजरत अय्यूब यांचे नाव घेतो. पण त्यांनीही आपली पीडा रबसमोर बोलून दाखवली होती आणि त्यामुळे त्यांच्या सबरला उणेपणा आला नाही. मग नानींनी समोरच्या मुलीला ‘सात’ म्हटले, तर ईमान कुठे कमी होते? सबर लागतो तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाटेवर जाण्यासाठी.

देखरेखीचा हक मागणाऱ्यावर फर्जही येतो. दवाखान्यात पाऊण तास आणि घरी तेवीस तास, असा हा मामला आहे. सांगितलेले व्यायाम घरी केले नाहीत आणि पंधरा दिवसांनी ‘काही फरक नाही’ म्हणून तक्रार केली, तर ती बेइन्साफी आहे. पण घरचे व्यायाम करून कोण घेणार? बहुतेक घरांत सून. मुलगा फीचे पैसे देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. सासू-सासऱ्यांची सेवा ही सुनेवर शरियतने लादलेली सक्ती नाही, असे अनेक उलेमा सांगत आले आहेत; ती करते तो तिचा एहसान. अब्बांना धरून उठवायचे कसे, हे उपचारकाकडून मुलानेच शिकून घ्यावे. त्याची कंबर सुनेच्या कमरेपेक्षा मजबूत असते, आणि अब्बांनाही मुलाचा आधार घेताना अवघडल्यासारखे होत नाही.

शेवटी नमाजविषयी थोडे. गुडघा बदललेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘चालता येईल का’ हा नसतो. ‘सजदा करता येईल का’ हा असतो. उभे राहून जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, ही सवलत पैगंबरांनी (सल्ल.) इमरान बिन हुसैन यांना दिली होती, तेव्हा खुर्चीवरच्या नमाजबद्दल मन खाण्याचे कारण नाही. तरीही माणसाला जमिनीवर बसायचे असते. काहींना सर्जन कायमची मनाई करतात, काहींना काही महिन्यांनी हळूहळू परवानगी मिळते. उपचारक मुस्लिम नसेल तर कायद्याच्या बैठकीत गुडघा किती वाकतो, घोट्यावर किती भार येतो, हे तिला ठाऊक नसते, आणि आपण सांगत नाही. सोबत गेलेल्याने तिथेच सतरंजीवर एक रकात करून दाखवावी. ती पाहील, कोन मोजील आणि हे जमण्यासारखे आहे की नाही ते सांगेल.