कळा सोसल्या नाहीत म्हणे

आपल्या वारकरी घरांतून एक बोल सहज ऐकू येतो. सुनेचे बाळंतपण ऑपरेशनने झाले, की ओसरीवरची एखादी वडीलधारी बाई म्हणते, "पांडुरंगावर भार टाकला असता तर सुटली असती मोकळी." बोलणारीच्या मनात वाईट नसते, ऐकणारीच्या काळजाला मात्र घरे पडतात. म्हणून विचारतो, ठरवलेली रीत सोडून डॉक्टरांच्या हाती जाणे ही श्रद्धेची उणीव आहे का?

आमच्या दिंडीतल्या एका विणेकऱ्यांच्या सुनेचे सांगतो. तिचे पहिले मूल ऑपरेशनने झाले होते. दुसऱ्या खेपेस कळा देऊनच मोकळे व्हायचे असा तिचा निश्चय होता. डॉक्टरीणबाईंनीही अडवले नाही. अशा चौघींपैकी सुमारे तिघींची नैसर्गिक सुटका होते, असे त्या म्हणाल्या. पण गर्भाशयावरची जुनी शिवण कळांच्या जोराने उसवण्याची भीती दोनशेंत एखादीला असते. तेव्हा लगेच ऑपरेशन करता येईल अशाच दवाखान्यात हे करायचे. रात्रभर कळा आल्या. पहाटे बाळाचे ठोके मंदावू लागले. सासूबाई म्हणाल्या, "आणखी थोडं थांबा, माउली सोडवील." सून म्हणाली, "मला आत न्या." मुलगी झाली, सुखरूप.

बाराव्या दिवशी मी पाहायला गेलो, तर ती पोर डोळे पुसत म्हणाली, "बुवा, माझा निश्चय कमी पडला का हो?"

आता तुम्हीच सांगा, निश्चय कशाचा होता? लेकरू जिवंत कुशीत यावे याचाच ना? कळा देणे ही वाट होती. आषाढी एकादशीची तिथी हलत नाही. पण ओढ्याला पूर आला तर दिंडी वळसा घेऊन जाते. त्याला वारी मोडली असे कुणी म्हणत नाही. पुरात उतरण्याचा हट्ट धरणाऱ्याला मात्र विणेकरी हाताला धरून मागे ओढतो.

भार टाकणे या शब्दाचाही आपण फार गैरवापर करतो. जनाबाईंच्या जात्याला देवाने हात लावला असे मी पन्नास वर्षे कीर्तनात सांगितले. पण म्हणून जनाबाईंनी खुंटा सोडला, असे कोणी सांगितल्याचे ऐकिवात आहे का?

काही ठिकाणी गरज नसता ऑपरेशन करतात, अशी तक्रार आहे आणि ती अगदीच खोटी नाही. त्यासाठी आधीच नीट विचारून घ्यावे. ठोके मंदावल्यावर वाद घालायची ती वेळ नव्हे.

जिजाईंकडे पाहा. तुकोबाराय वैकुंठाला गेले तेव्हा त्या गरोदर होत्या. त्या माउलीने असे काही ठरवले असेल का? वडिलांचे मुख न पाहिलेले ते मूल म्हणजे नारायण महाराज. १६८५ साली त्यांनीच पालखीचा सोहळा सुरू केला, आणि आज आपण लाखोंनी त्या वाटेने चालतो. जिजाईंना कर्कशा म्हणून कीर्तनातून हसणाऱ्यांना ही गोष्ट आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

सुनेला मी फारसे काही सांगितले नाही. सासूबाईंना मात्र बाजूला घेतले. त्यांची पिशवी भरून तयार होती, चार दिवसांनी दिंडी निघणार होती. म्हटले, "बाई, हिच्या पोटावरची जखम ताजी आहे. सहा आठवडे हिने जड उचलायचे नाही. थोरला तीन वर्षांचा, तो सारखा कडेवर घे म्हणणार. पुंडलिकाने आई-वडिलांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबवले. तो अजून तिथेच उभा आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. दिंडी निघाली त्या सकाळी मी त्यांच्या दारावरून गेलो, तर नळावरून भरलेली कळशी त्यांच्या कमरेवर होती आणि थोरला पदर धरून मागे चालला होता.