माळकऱ्याची गोळी

गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण-मासे सुटतात, दारू सुटते, एकादशी लागते. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीत मुक्काम करते. तिथून पवनेपलीकडची काळेवाडी फार लांब नाही, आणि तिथल्या कामगार वस्तीला माळ काही नवी नाही. साठी ओलांडलेल्या माळकऱ्याच्या हातात रक्ताचा रिपोर्ट येतो, बी-१२ खाली आणि होमोसिस्टीन वर असे त्यात लिहिलेले असते, तेव्हा प्रश्न नुसता औषधाचा राहत नाही. व्रतामुळे मेंदूला अपाय होत असेल तर व्रतच चुकले का? आणि गोळीच्या आधाराने चालणारे व्रत खरे मानायचे का? माझे म्हणणे असे की गोळीने व्रत उणावत नाही. उलट गरज असताना ती नाकारणे हेच व्रताच्या हेतूशी विसंगत आहे.

होमोसिस्टीन हे बाहेरून आलेले विष नव्हे. डाळ, दूध, मांस अशा सगळ्या प्रथिनांत मेथिओनिन असते, आणि शरीर ते वापरते तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनिन करायला बी-१२ आणि फोलेट लागते. दुसऱ्या वाटेने त्याचा निकाल लावायला बी-६ लागते. बी-१२ कमी पडले की ते रक्तात साचते. मग रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, मेंदूतल्या पेशी वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित होतात आणि त्या पेशींची आवरणे घडवणारी रसायनेही मंदावतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००२ सालच्या अभ्यासात १४ मायक्रोमोलच्या वर होमोसिस्टीन असलेल्या वृद्धांत अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसला. तो संबंध झाला, कारण सिद्ध झाले असे नव्हे. शिवाय आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी नळीत होमोसिस्टीन सोडत राहतात, म्हणून नळी बर्फात ठेवून तासाभरात वरचा द्रव वेगळा करावा लागतो. दुपारच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून फिरून आलेल्या नमुन्याचा आकडा फुगलेला असू शकतो.

हा प्रश्न परदेशातून उसना आणलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. मध्यमवर्गात तर बी-१२ कमी असणारे ८१ टक्के निघाले. म्हणजे ही गरिबीची कमतरता नव्हे. वरचेवर मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना बी-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून अधिक होता. अर्थात सगळे खापर माळेवर फोडता येत नाही. मधुमेहातले मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षे घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, दुखावलेली मूत्रपिंडे यांचाही त्यात वाटा असतो.

धार्मिक मनाची पहिली हरकत अशी की बुद्धी आणि स्मृती ही आत्म्याची लक्षणे. ती रक्तातल्या एका आकड्यावर कशी तोलता? पण ही हरकत आपल्याच परंपरेत टिकत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करायला लावतो, पाणी मात्र हवे तितके पिऊ देतो. सोळाव्या दिवशी बारा वर्षे घोकलेले वेद त्या पोराला आठवत नाहीत, जेवल्यावर आठवतात. मन अन्नाचे बनलेले आहे, हा सिद्धांत बापाने मुलाला प्रयोग करून पटवला. सांख्यांनी तर मन, बुद्धी, अहंकार हे सारे प्रकृतीच्या बाजूला टाकले आणि पुरुषाला त्यांच्यापासून वेगळे ठेवले. तेव्हा विसरणाऱ्या मेंदूला जीवनसत्त्व हवे असे म्हणण्याने आत्म्याची पायरी उतरत नाही. ज्याला ही गोष्ट लागते तो आत्मा आणि स्मृती एकच समजत असतो, आणि ती समजूत आपल्या दर्शनकारांची नव्हे.

दुसरी हरकत शास्त्राच्या बाजूची आणि जास्त वजनदार. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरते, पण बुद्धी वाचते का? २०१४ साली अकरा चाचण्यांतल्या सुमारे २२ हजार लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बुद्धीच्या कसोट्यांवर फायदा दिसला नाही. मात्र त्या चाचण्यांतले बहुतेक लोक बी-१२च्या कमतरतेचे नव्हते, आणि ज्याला तूट नाही त्याला भर घालून काय दिसणार? ऑक्सफर्डच्या २०१० सालच्या चाचणीत सत्तरीपुढच्या, स्मृती किंचित घसरू लागलेल्या लोकांना दोन वर्षे फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ दिले. त्यांचा मेंदू आकसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि सुरुवातीला होमोसिस्टीन १३च्या वर असणाऱ्यांत निम्म्याहून अधिक. हे स्मृतिभ्रंशावरचे औषध आहे असे यातून ठरत नाही. तसे विकणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. पण बी-१२ची तूट भरणे हे नसांसाठी आणि रक्तासाठी तसेही करायचेच असते. मेंदूचा लाभ मिळाला तर तो त्यावर.

उरली पूर्वजांची हरकत: त्यांना कुठे गोळ्या लागल्या? त्यांचे बी-१२ कोणी मोजलेच नव्हते, आणि जुन्या म्हाताऱ्यांचे पाय बधिर होणे, विसरभोळेपणा हे सारे वयाच्या खाती जमा झाले. खरी गोष्ट अशी की बी-१२ ना झाड बनवते ना जनावर. ते बनवतात जीवाणू. गाईच्या पोटातले जीवाणू ते करतात म्हणून दुधात येते, आणि कारखान्यातली गोळीही जीवाणूंच्या किण्वनातूनच येते. काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी, आणि तिथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने बुरशी वाढवून पेनिसिलिन काढले. कोणा वारकऱ्याने त्या इंजेक्शनला हिंसा म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. व्रत जिवाला न मारण्याचे आहे, प्रयोगशाळेला नाकारण्याचे नव्हे.

म्हणून माळकऱ्यांना माझी विनंती: पन्नाशीनंतर डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन चालू असेल तर तपासणीसाठी पन्नाशीपर्यंत थांबूच नका. नुसते फॉलिक ॲसिड मनाने घेऊ नका, कारण ते बी-१२च्या तुटीतला ॲनिमिया झाकते आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते. आणि औषधाच्या दुकानात एक गोष्ट आवर्जून विचारा: कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचे असते, त्याऐवजी साधी गोळी मागून घ्या.